वीतभर पाणी

डिसेंबर लागला की ओळखीपाळखीच्या लोकांचे फोन सुरू होतात. प्रश्न ठरलेला असतो, "राजहंस आले का हो?" आपल्याकडे ज्याला राजहंस म्हणायची सवय पडली आहे, तो पट्टकादंब. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला, तिबेट-मंगोलियाच्या पठारांवर विणीचा हंगाम काढून हिमालय ओलांडून येणारा. अंगावर यंत्रं बसवून केलेल्या अभ्यासात तो 7000 मीटरच्याही वर उडताना नोंदवला गेला आहे. त्याला बघायला लोक मिरजेहून पहाटे गाड्या काढून मायणी, येरळवाडी गाठतात. जरूर गाठावी, मीही जातो. पण या सदरातून मी दर हिवाळ्यात एक विनंती करत आलो आहे, ती यंदाही करतो. मायणीला जाण्याआधी एक सकाळ आपल्या कृष्णा घाटावर काढा, आणि आभाळाकडे न बघता पाण्याच्या कडेला बघा.

गेल्या रविवारी सातच्या सुमारास घाटावरून नदीकाठानं वर चालत निघालो होतो. नदीवर धुकं होतं, पलीकडचं अर्जुनवाड दिसत नव्हतं. पाणी चार दिवसांत उतरलं होतं आणि मळीच्या खाली दहा-बारा पावलं रुंदीचा ओला चिखल उघडा पडला होता. त्या पट्ट्यावर सतरा टिलवे होते. टिलवा चिमणीएवढा, वजन फार तर पंचवीस-तीस ग्रॅम. सायबेरियाच्या थेट उत्तर टोकाकडं, बर्फ वितळतं तेवढ्या दोन महिन्यांत हा पिलं वाढवतो आणि मग एवढासा जीव घेऊन इथवर येतो. तांदूळ निवडणाऱ्या बाईची बोटं चालावीत तशी त्याची चोच चिखलात चालू होती, क्षणाचीही उसंत नाही. त्यांच्यात चार कंठेरी चिखल्या होते. त्यांची तऱ्हा वेगळी. चार पावलं धावायचं, थबकायचं, पुन्हा धावायचं. एक माझ्यापासून वीसेक फुटांवर आला आणि एक पाय पुढं टाकून चिखलावर थरथरवू लागला. त्या थरथरीनं चिखलातले किडे हलतात आणि वर येतात. पाय थांबला, मान वाकली, एक बारीक किडा उचलला गेला. दुर्बिणीतून हे बघताना आपण श्वास रोखून धरला आहे, हे नंतर लक्षात येतं.

या पक्ष्यांना पाणी लागतं असं आपण म्हणतो. खरं तर त्यांना पाण्याची कडा लागते. टिलव्याची चोच जेमतेम पाऊण इंच, तो नखभर पाण्यापलीकडं जाऊ शकत नाही. तुतारीचे पाय जरा लांब, ती घोट्याएवढ्या पाण्यात शिरते. शेकाट्याचे गुलाबी पाय वीतभर, म्हणून तो वीतभर पाण्यात. बदकांचंही तेच. चक्रांग आणि तलवार बदक शेपूट वर करून मान पाण्यात खुपसतात. मान पोचेल तेवढंच त्यांचं ताट. तलवार बदकाची मान लांब, म्हणून ते थोडं खोल जातं. थापट्या फावड्यासारख्या चोचीनं वरचं पाणी गाळून खातो. पाणी हातभर चढलं की यातल्या निम्म्या पाहुण्यांचं ताट उचललं जातं. नदी काठोकाठ भरलेली, बघायला सुंदर आणि पक्ष्यांच्या दृष्टीनं रिकामी, असं चित्र मी अनेक जानेवारींत पाहिलं आहे.

आणि आपल्या भागात ही पातळी निसर्गाच्या हाती फारशी उरलेली नाही, याचा विचार आपण करत नाही. पावसाळा सरला की म्हैसाळच्या बंधाऱ्याला बरगे पडतात आणि त्याचा फुगवटा मागं मिरजेच्या दिशेनं चढतो. कोयनेतून किती पाणी सोडलं, म्हैसाळ योजनेचे पंप किती दिवस चालले, उसाच्या मोटारी कधी सुरू झाल्या, यावर चिखलाचा पट्टा आज दहा पावलं असेल की शून्य, हे ठरतं. त्या रविवारी मळीतल्या वांग्यांना पाणी द्यायला आलेले एक आबा माझ्याजवळ येऊन उभे राहिले.

"काय बघाय लागलाय सर?"

"टिलवे, आबा. ती बारकी पाखरं."

"व्हय, ती व्हय. पानी दोन हात खाली गेलं की येत्यात बघा. बरगं घातलं की गप. माझ्या बापाच्या वक्ताला हितं दिवाळीपास्नं शिमग्यापतोर वाळवंट असायचं. आता कुठलं?"

आबांनी जे चार वाक्यांत सांगितलं ते मला कळायला काही हिवाळे लागले. वाळू गेली, वाळवंट गेलं, राहिला तो चिखलाचा पट्टा, आणि तोही कधी असतो कधी नसतो.

इथं कायद्याची एक गोष्ट सांगायलाच हवी. देशात पाणथळ जागांसाठी 2017 चे नियम आहेत. त्यातल्या पाणथळ जागेच्या व्याख्येतून नदीचं पात्र वगळलेलं आहे, आणि सिंचनासाठी किंवा पिण्याच्या पाण्यासाठी खास बांधलेले तलावही वगळलेले आहेत. आता मिरज तालुक्यात हिवाळी पाहुणे उतरतात कुठं? एक तर कृष्णेच्या पात्रात, नाही तर पूर्व भागातल्या सिंचनाच्या आणि पाझर तलावांवर. म्हणजे आपल्या जवळजवळ सगळ्या पक्ष्यांचा मुक्काम त्या नियमांच्या बाहेर पडतो. एखाद्या तलावाच्या उथळ बाजूला भराव घालून फिरायचा रस्ता केला, दगडी पिचिंग केलं, त्याला सुशोभीकरण म्हटलं, तर त्या नियमांचा हात तिथवर पोचत नाही. उभी भिंत आणि लगेच खोल पाणी असलेल्या तलावावर टिलवा उतरणार कुठं?

पूर्व भागातल्या तलावांबद्दल बोलताना मी शब्द जपून वापरतो. कवठेमहांकाळ, जतच्या लोकांनी पाण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या काय सोसलं ते मी जवळून पाहिलं आहे. म्हैसाळचं पाणी पहिल्यांदा तलावात आलं तेव्हा बायकांनी त्याची ओटी भरली. तो तलाव पाखरांसाठी अर्धा ठेवा, असं म्हणण्याचा हक्क मला नाही आणि तशी माझी इच्छाही नाही. शिवाय या पाण्यानं पाखरांचंही भलं केलं आहे. जे तलाव माघातच कोरडे पडायचे, तिथं आता फाल्गुनात हळदी-कुंकू बदकं दिसतात. पिवळ्या टोकाची चोच, तिच्या मुळाशी लाल ठिपका. हळदीच्या आपल्या मुलखात त्यांना याहून चांगलं नाव मिळालं नसतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की सगळे तलाव एकाच आठवड्यात काठोकाठ भरण्याऐवजी आवर्तन पाळीपाळीनं द्यावं. तसं केलं तर डिसेंबर-जानेवारीत दोन-तीन तलावांची कडा नेहमी उघडी राहील. पाणी तेवढंच, फक्त क्रम वेगळा. दुसरं, पाणी हटल्यावर उघड्या पडणाऱ्या गाळपेर जमिनीत आपण हरभरा, गहू टाकतो. टाकावा. पण पाण्यालगतच्या पाच-सात पावलांवर फेब्रुवारीपर्यंत नांगर घालू नये. ग्रामसभेत ठराव करून हे होण्यासारखं आहे. त्याला निधी लागत नाही.

उथळ पाण्याची किंमत काय असते, हे बघायला लांब जायची गरज नाही. उजनीचं पाणी हटू लागतं, भिगवण-कुंभारगावच्या बाजूला गाळ उघडा पडतो, तेव्हा रोहित पक्षी तिथं थव्यानं उतरतात. ज्यांची होडी पूर्वी फक्त मासेमारीला जायची असे कित्येकजण आता तीच होडी पक्षी दाखवायला नेतात. नांदूरमध्यमेश्वरला गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळ बंधारा झाला, मागं गाळ साठत गेला, पाणी उथळ होत गेलं आणि त्याच उथळपणामुळं 2020 साली राज्यातलं पहिलं रामसर स्थळ होण्याचा मान त्याला मिळाला. गाळ काढणं ही आपल्याकडे पुण्याची गोष्ट मानतात, आणि धरणाच्या पोटातला गाळ काढलाच पाहिजे. पण कडेचा उतार तेवढा राहू द्यावा.

मायणीचंही उदाहरण आहेच. तो तलाव ब्रिटिशकाळात सिंचनासाठीच बांधलेला. तरी 2021 मध्ये वन्यजीव कायद्याखाली तो परिसर संवर्धन राखीव जाहीर झाला. म्हणजे एक दार बंद असलं तरी दुसरं आहे. हरिपूरला वारणा कृष्णेला मिळते, तिथून खाली अंकली, कृष्णा घाट, म्हैसाळपर्यंतच्या काठाचा असा विचार कुणी केलेला मला माहीत नाही. त्यासाठी आधी नोंदी लागतील. सलीम अली आणि मारुती चितमपल्ली यांच्या जन्मदिवसांना जोडून 5 ते 12 नोव्हेंबरचा पक्षी सप्ताह शाळांतून होतो, छान होतो. पण त्या वेळी बरेच पाहुणे वाटेत असतात. जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते. 1987 पासून ती स्वयंसेवकांच्या जिवावर चालते. एका शाळेनं एक तलाव घ्यावा, दर जानेवारीत मोजावा, वहीत लिहून ठेवावा. दहा वर्षांची अशी एक वही कुठल्याही निवेदनापेक्षा वजनदार ठरेल.

जाताना मुलांना एक कामही सांगावं. काठावर टाकून दिलेली नायलॉनची फाटकी जाळी दिसली की गुंडाळून आणायची. गेल्या वर्षी एका शेकाट्याच्या पायातून तसली जाळी मी कात्रीनं कापून काढली. पाय सुटला, पण पाखरू पुन्हा उभं राहिलं नाही.

रविवारी निघताना पाण्याची रेघ जिथं होती तिथं मी बाभळीची एक काठी रोवून आलो होतो. बुधवारी सकाळी पुन्हा गेलो. वरून पाणी सोडलं होतं. चिखल दिसत नव्हता, टिलवे आणि चिखल्या गेले होते. काठी वीतभर पाण्यात होती आणि तिच्या शेजारी एकच शेकाट्या उभा होता, पोटाची पिसं पाण्याला जेमतेम टेकू न देता.