पडद्यावरची गजबज आणि मनाची स्वस्थता

संगणकावर वर्तमानपत्र वाचावयास बसावे, दोन परिच्छेद व्हावेत आणि तेवढ्यात पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात एक चौकट उमटावी. तीत कधी हवामान असते, कधी एखाद्या दुकानाची सवलत, तर कधी नवी सोय वापरून पाहण्याचा आग्रह. ती मिटवून मजकुराकडे परतावे, तर ओळ सापडत नाही. ‘आता आपले लक्षच टिकत नाही,’ अशी खंत मग अनेक ज्येष्ठांच्या मनात घर करते.

वाचकहो, हा दोष आपण सर्वस्वी स्वतःकडे घेऊ नये. लिन हॅशर आणि रोझ झॅक्स या मानसशास्त्रज्ञांनी १९८८ मध्ये असा विचार मांडला, की वयोमानानुसार अनावश्यक गोष्ट मनाबाहेर ठेवण्याची शक्ती मंदावते. म्हणूनच पडद्यावर हलणारी वस्तू नातवाला जाणवतही नाही, पण आजोबांचे वाचन तोडते. वय मागे नेता येत नाही. पडदा मात्र शांत करता येतो. ‘ऑफिस ९७’ मध्ये कागदाच्या पिनेच्या रूपातला एक मदतनीस लिहिणाऱ्याच्या मध्येमध्ये डोकावत असे. लोक इतके त्रासले, की पुढे २००१ च्या आवृत्तीत तो आपोआप येणे थांबले आणि २००७ च्या आवृत्तीत तो उरलाच नाही. नको ते नाकारण्यात संकोच बाळगण्याचे कारण नाही.

सुरुवात ब्राउझरपासून करावी, कारण तेथे प्रश्न केवळ त्रासाचा नसून सुरक्षिततेचाही आहे. एखादे संकेतस्थळ उघडताच ‘सूचना पाठवू का?’ असे विचारते आणि आपण घाईत ‘अलाउ’ दाबतो. त्यानंतर ते पान बंद असतानाही त्याच्या सूचना येत राहतात. ‘तुमच्या संगणकात व्हायरस शिरला आहे’ ही भीतीची चौकट अनेकदा याच वाटेने येते. तिच्यातील क्रमांकावर दूरध्वनी केला, की पलीकडचा मनुष्य संगणकाचा ताबा मागतो आणि बचतीला हात घालतो. क्रोममध्ये सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज आणि नोटिफिकेशन्स या क्रमाने जावे. परवानगी दिलेल्या स्थळांची यादी तेथे दिसते. अनोळखी नावे काढून टाकावीत आणि यापुढे कोणीही सूचना पाठवू नये असा पर्याय निवडावा. फसवणूक घडलीच असेल, तर लाजेने गप्प न बसता तत्काळ १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर कळवावे.

दुसरे पाऊल विंडोजचे. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, नोटिफिकेशन्स येथे ‘डू नॉट डिस्टर्ब’ हे बटण आहे. ते चालू केले, की चौकटी पडद्यावर न येता एका बाजूला साठून राहतात. सवडीने पाहता येतात. मात्र औषधाची आठवण संगणकावर लावली असेल, तर तिला प्राधान्याच्या यादीत ठेवण्यास विसरू नये. त्याहून उत्तम म्हणजे ती आठवण घड्याळाच्या गजरावर सोपवावी. खिडक्या उघडताना होणारी सरकासरक डोळ्यांना शिणवत असेल, तर ॲक्सेसिबिलिटीतील व्हिज्युअल इफेक्ट्समध्ये ‘ॲनिमेशन इफेक्ट्स’ बंद करता येतात.

वर्डमध्ये इंग्रजी पत्र लिहिताना आपल्या गावाचे किंवा आडनावाचे स्पेलिंग अचूक असूनही त्याखाली लाल नागमोडी रेघ उमटते आणि शिक्षकाने वहीवर खूण केल्यासारखे वाटते. फाइल, ऑप्शन्स, प्रूफिंग येथे जाऊन ‘चेक स्पेलिंग ॲज यू टाइप’ समोरची खूण काढावी. पत्र पुरे झाल्यावर एफ ७ ही कळ दाबली, की तपासणी एकदाच होते.

आता काळजीवाहकांसाठी दोन शब्द. शिफ्टची कळ लागोपाठ पाच वेळा दाबली गेली, की ‘स्टिकी कीज’ची चौकट उघडते. कंप असलेल्या हाताकडून हे नकळत घडते आणि वृद्ध गोंधळतात. परंतु ज्यांना दोन कळा एकदम दाबता येत नाहीत, त्यांच्यासाठी हीच सोय आधार ठरते. एकाची अडचण ती दुसऱ्याची काठी असू शकते. म्हणून आई-वडिलांच्या पाठीमागे परस्पर काही बंद करू नये. शेजारी बसावे, ‘नेमके काय खुपते?’ असे विचारावे आणि एका वेळी एकच बदल करावा. तो कोठे केला हे मोठ्या अक्षरांत वहीत लिहून ठेवावे, म्हणजे नको वाटल्यास त्यांना स्वतःलाही तो मागे घेता येईल. सुरक्षेची अद्ययावत आवृत्ती घेण्याची सोय आणि व्हायरसरोधक संरक्षण ही मात्र कधीही बंद करू नयेत.

येत्या रविवारी चहानंतरचा अर्धा तास या कामासाठी काढावा. प्रथम ब्राउझरमधील ती यादी उघडावी. कोणाकोणाला आपण घरात येण्याची मुभा दिली होती, हे पाहून आश्चर्य वाटेल.