रोहिणखेड : उजवा हात, डावा हात आणि उपऱ्याचा न्याय

१/ ‘बहमनी राज्य परक्यांनी बुडविले’ हे विधान इतिहासाच्या चर्चेत वारंवार ऐकू येते. ‘परक्यांच्या द्वेषाने बुडविले’ हे त्यावरचे ठरलेले उत्तर. बुलढाणा जिल्ह्यातील, मोताळा तालुक्यातले रोहिणखेड या दोन्ही विधानांचे अपुरेपण दाखविते.

२/ इ.स. १४३७. खानदेशचा नासिरखान फारुकी वऱ्हाडात शिरला. वऱ्हाडातले अनेक सरदार त्याला मिळाले आणि बहमनी सुभेदार नरनाळ्याच्या किल्ल्यात कोंडला गेला. बिदरच्या दरबारात तेव्हा दोन तट होते : इराण, अरबस्तानातून नव्याने आलेले ‘आफाकी’ आणि आधीच स्थिरावलेले ‘दखनी’. बसऱ्याच्या खलफ हसनने मोहीम पत्करली, पण एका अटीवर : सैन्य केवळ आफाकींचे असावे.

३/ रोहिणखेडला त्याने नासिरखानाचा पराभव केला आणि थेट बुऱ्हाणपुरापर्यंत मजल मारली. सुलतान अलाउद्दीन अहमदने बक्षीस म्हणून दरबारात आफाकींना उजव्या हाताला, दखनी व हबशींना डाव्या हाताला स्थान दिले. पराक्रमाचा गौरव योग्यच होता. मात्र तो माणसांचा न होता जन्मस्थानाचा झाला.

४/ येथे एक गोष्ट नजरेआड होते. दखनी गटात हबशीही होते आणि हबशी आले होते आफ्रिकेतून. म्हणजे ‘इथला’ आणि ‘परका’ हा भेद मातीचा नव्हता; कोण किती आधी आला, एवढ्याचाच होता.

५/ पुढचे पर्व रक्ताचे. काही वर्षांनी कोकणच्या मोहिमेत खलफ हसन मारला गेला. वाचलेले आफाकी चाकणला आले. दखनी सरदारांनी त्यांना फितूर ठरविले, किल्ल्याला वेढा घातला आणि शेवटी अभय देऊन, मेजवानीला बोलावून त्यांची कत्तल केली. सत्य कळल्यावर सुलतानाने दोषींना शिक्षा केली, पण तट मिटले नाहीत.

६/ गिलानहून आलेला महमूद गावान या दुहीवर उपाय शोधत होता. त्याने पदे दोन्ही गटांत वाटली आणि मोठे सुभे विभागले. वऱ्हाडाचे गाविल आणि माहूर असे दोन भाग झाले. १४८१ मध्ये बनावट पत्राच्या आधारे त्याचा शिरच्छेद झाला. त्यानंतर राज्य फुटत गेले.

७/ याहून कित्येक शतके जुनी एक आज्ञा बायबलच्या ‘लेवीय’ या ग्रंथात आहे : देशात राहणाऱ्या उपऱ्याला स्वदेशीयासारखे मानावे, त्याच्यावर स्वतःसारखी प्रीती करावी, कारण ऐकणारे स्वतः मिसर देशात उपरे होते. त्याच ग्रंथात पुढे उपरा व स्वदेशीय दोघांना एकच कायदा सांगितला आहे.

८/ या आज्ञेला भाबडी म्हणणारे तिचा दुसरा भाग वाचत नाहीत. उपऱ्याला डोक्यावर घ्या, असे ती सांगत नाही. उजव्या हाताचा मान आणि चाकणची मेजवानी, दोन्ही तिला सारखेच अमान्य आहेत. मायेला कायद्याचा आधार नसेल तर तिची मर्जी होते, आणि मर्जी फिरते.

९/ ‘राज्याला निष्ठा हवी, परक्याची निष्ठा कशी तपासायची?’ हा आक्षेप खोटा नाही. पण रोहिणखेडच्या आधी नासिरखानाला मिळालेले सरदार वऱ्हाडातच नांदणारे होते. निष्ठा कृतीवरून जोखावी लागते. जन्मस्थळावरून ती ओळखता येत नाही.

१०/ रोहिणखेडला दीडशे वर्षांनी पुन्हा लढाई झाली. तीत अहमदनगरचा जमालखान पडला. १५८९ मध्ये त्याच्याच गटाने अहमदनगरात परदेशीयांची कत्तल केली होती. तेथून निसटून विजापूरला गेलेल्यांत एक इतिहासकार होता : फिरिश्ता. तो स्वतः आफाकी असल्याने त्याचे वर्णन सावधपणे वाचावे लागते. तरीही रोहिणखेडची पहिली लढाई आज जी तपशिलाने माहीत आहे, ती मुख्यतः त्याच्यामुळे. ज्यांना ‘परके नकोत’ असे वाटते, त्यांच्या हातातला इतिहासही एका उपऱ्याने लिहून ठेवलेला आहे.