सरासरीआड दडलेला ग्राहक

मीरा रोड वा भाईंदर येथील एखाद्या इमारतीत मोबाईल वाजताच माणसाने खिडकी गाठावी, हे दृश्य आता कोणाला नवलाचे वाटत नाही. २०११ च्या जनगणनेत आठ लाखांवर लोकसंख्या नोंदलेल्या या शहरात ‘रेंज’ नसणे ही केवळ गैरसोय नव्हे. बँकेचा सांकेतिक क्रमांक वेळेत आला नाही, तर व्यवहार अडतो. डॉक्टरांना केलेला फोन मध्येच तुटतो. पैसे मात्र पूर्ण मोजावे लागतात.

या दोषाची मुख्य कारणे दोन. काँक्रीटच्या भिंतींतून जाताना रेडिओलहरी क्षीण होतात. तेथे जवळ नवा अँटेना हवा. उलट, संध्याकाळी एकाच मनोऱ्यावर असंख्य ग्राहकांचा भार पडला, की रेंज पूर्ण दिसूनही संभाषण तुटते. तेथे क्षमता वाढवावी लागते. किरणोत्सर्गाच्या भीतीने गच्चीवर अँटेना नाकारणाऱ्या सोसायट्यांनीही विचार करावा. भारताने सप्टेंबर २०१२ पासून या लहरींची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एकदशांशावर आणली. शिवाय मनोरा दूर असला, की हातातील मोबाईलच अधिक शक्तीने लहरी सोडतो.

तथापि मुख्य जबाबदारी कंपनीचीच. तुटणाऱ्या कॉलचे प्रमाण दोन टक्क्यांच्या आत असावे, असा दूरसंचार नियामक प्राधिकरणाचा दंडक आहे. परंतु विस्तीर्ण सेवाक्षेत्राची सरासरी उत्तम असूनही एखादी गल्ली उपेक्षित राहू शकते. तुटलेल्या कॉलमागे एक रुपया भरपाई देण्याचा २०१५ चा नियम सर्वोच्च न्यायालयाने मे २०१६ मध्ये रद्द केला. क्रमांक कायम ठेवून कंपनी बदलण्याची मुभा २०११ पासून देशभर आहे. पण त्या इमारतीत सर्वच कंपन्या दुबळ्या असतील, तर स्पर्धेचा हा उपाय व्यर्थ ठरतो.

अशा वेळी तक्रार हेच ग्राहकाचे साधन. प्राधिकरण वैयक्तिक तक्रारी सोडवीत नाही. प्रथम कंपनीकडे तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा. समाधान न झाल्यास कंपनीच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे जावे. ग्राहक आयोगाचे दारही खुले आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केले. मात्र एकट्याची तक्रार अपवाद म्हणून बाजूला सारणे सोपे असते. सोसायटीने मजला, खोली, दिवस व वेळ यांची एकत्रित नोंद ठेवून, कंपनीने २०२४ च्या नियमांनुसार प्रसिद्ध करावयाच्या व्याप्ती-नकाशाशी ती ताडून पाहावी. नकाशा आणि अनुभव यांतील अंतर लेखी पुढे आले, तरच सरासरीचा आडोसा दूर होईल.