पाटीचा फोटो काढताना दोन पावलं मागे या

सुट्ट्या लागल्या की सदाशिव पेठेत मोबाईल वर धरून चालणारे पाहुणे दिसायला लागतात. कुणी मुंबईहून आलेलं, कुणी थेट अमेरिकेहून. खुन्या मुरलीधर, उपाशी विठोबा, चिमण्या गणपती ही नावं ऐकूनच अर्धं हसून होतं आणि मग पाट्यांची शिकार सुरू होते.

काढा की फोटो! फुकटची करमणूक आहे, आणि आम्हाला सवय आहे. पुलंनी पुणेकराची यथेच्छ टिंगल करून ठेवली, ती आम्हीच सगळ्यात जास्त ऐकतो. चितळ्यांचं दुकान २०१७ पासून दुपारी उघडं राहायला लागलं, तरी एक ते चारचे विनोद काही बंद झाले नाहीत.

तक्रार एवढीच, की तुम्ही फोटो फार जवळून काढता. फ्रेममध्ये नुसती पाटी. गेटसमोर गाडी लावल्यास हवा सोडली जाईल, एवढंच दिसतं आणि लोक म्हणतात, काय तिरसट माणसं आहेत! जरा दोन पावलं मागे या. बरोबर पाटीखाली लावलेली स्कूटर दिसेल. तिला खेटून दुसरी. आणि त्या दोघींमुळे गेटातच अडकलेली रिक्षा, आत दवाखान्यात निघालेल्या आजी. खरा विनोद तिथे आहे. भांडणही तिथलंच आहे.

कारण पाटी कुणी हौसेने लावत नाही हो. आधी तोंडाने सांगून झालेलं असतं. मग पुठ्ठ्यावर स्केचपेनने लिहून होतं, तो पुठ्ठा पावसात भिजतो. त्यानंतर कधीतरी पेंटरला पैसे देऊन पत्र्यावर. पाटी जितकी तिरकस, तितकी आधीची विनंती जास्त वेळा वाया गेलेली, असं खुशाल समजा. (व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या अर्ध्या पाट्या कॉम्प्युटरवर बनवलेल्या असतात, त्या सोडा. त्यांच्याखाली गाडी नसते, त्यावरून ओळखायच्या.)

पेठ पेशवाईतली, पानिपतावर गेलेल्या सदाशिवरावभाऊंच्या नावाची. तेव्हाच्या बोळांना मोटारी ठाऊक नव्हत्या. आता वाडे पडून तिथे पाच-सहा मजले चढले, स्पर्धा परीक्षेचे क्लास आले, अभ्यासिका आल्या, आणि बोळ आहे तेवढाच. पुण्यातली वाहनं माणसांपेक्षा जास्त झाल्याची बातमी २०१८ ची. त्याच वर्षी महापालिकेने पार्किंग धोरण मंजूर केलं, तेही प्रयोग म्हणून पाच रस्त्यांपुरतं. बाकीच्या रस्त्यांवर धोरण कोण राबवतंय? एक निवृत्त गृहस्थ आणि त्यांचा पेंटर.

नव्या इमारतींवर पाटी येते ती छापील, आपण कॅमेऱ्याच्या नजरेत आहात वगैरे. तिचा फोटो कुणी काढत नाही, आणि गाड्या तिच्याखालीही लागतातच.

तेव्हा पुढच्या वेळी रुंद फोटो काढा. खिडकीत आजोबा बसले असतील तर त्यांना विचारून. ग्रुपवर टाकताना गाडीचा नंबर झाका. मग हसून झालं की तोच फोटो कसबा-विश्रामबागवाडा क्षेत्रीय कार्यालयाला आणि वाहतूक पोलिसांना पाठवा. तिथे मात्र नंबर झाकू नका.