नदी सरकारची, मग वाट कुणाच्या बापाची?

नदी कुणाची, हा वाद मद्रास इलाख्यात 1905 सालीच मिटायला हवा होता. त्या वर्षीच्या जमीन अतिक्रमण कायद्याने नद्यांची, तळ्यांची, कालव्यांची पात्रे आणि त्यांतले पाणी सरकारी मालमत्ता ठरवले. वगळले ते फक्त शाबीत खासगी हक्क. आपल्या महाराष्ट्राच्या 1966 च्या जमीन महसूल अधिनियमाचे कलम 20 हेच बजावते. मग आज चेन्नईत एखादी पोर डोक्यावर कयाक घेऊन निघाली, तर तिने अड्यार नदीच्या पाण्यात उतरायचे कुठून? काठाने जावे तर इथे बंगल्याची भिंत, तिथे संस्थेचे कुंपण, पुढे सांडपाण्याचा नाला. 1867 साली स्थापन झालेल्या मद्रास बोट क्लबच्या सभासदांना अड्यारवर स्वतःचा धक्का आहे. तो त्यांना लखलाभ! पण ज्याच्या खिशात सभासदत्वाचे कार्ड नाही, त्याने नदी काय पुलावरूनच पाहायची?

अतिक्रमणाचे नाव काढले की सरकारला नेमक्या झोपड्याच दिसतात. डिसेंबर 2015 च्या महापुरानंतर अड्यारकाठची गरीब कुटुंबे उचलून दूर पेरुंबाक्कमला नेऊन टाकली. आणि त्याच अड्यारवर पूल बांधून विमानतळाची धावपट्टी दिमाखात उभी आहे! बकिंगहॅम कालव्याला 2008 साली राष्ट्रीय जलमार्ग म्हणून मिरवले. पण शहरात त्याच्या पात्रात उन्नत रेल्वेचे खांब आधीच रोवलेले. एन्नोरच्या खाडीत औष्णिक केंद्राची राख साचली आणि मच्छीमारांच्या होड्या गाळात रुतल्या. दुबळ्याची झोपडी तेवढी अतिक्रमण, सरकारचे काँक्रीट मात्र विकास! हा कुठला न्याय?

जमीनमालक म्हणतील, आमच्या मालकीचे काय? मालकी आम्हाला मान्य आहे. तुमचे अंगण, उभे पीक, घराचा निवांतपणा यांना कुणी हात लावू नये. पण तुमची हद्द संपते तिथेही तुमचाच हुकूम चालावा, हे आम्ही मानणार नाही. पाणी अडवणाऱ्यांचा हा कांगावा महाराष्ट्राला नवा नाही. 20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, तेव्हा विरोधक तळे खासगी असल्याचा दावा घेऊन कोर्टात धावले. 1937 साली मुंबई हायकोर्टात ते हरले. होडीच्या हौसेला त्या सत्याग्रहाच्या पंक्तीला बसवण्याचा अविचार आम्ही करणार नाही; तिथे प्रश्न माणुसकीचा होता. पण मालकीचा कागद पुढे करून पाण्याची वाट अडवायची, ही खोड तीच आहे.

बियास नदीकाठच्या मोटेलच्या खटल्यात 1996 साली सर्वोच्च न्यायालयाने बजावले, की अशा नैसर्गिक संपत्तीचे सरकार जनतेच्या वतीने विश्वस्त आहे. विश्वस्तच कुंपणाकडे कानाडोळा करू लागला, तर दाद कुणाकडे मागायची? स्कॉटलंडने 2003 साली कायदा करून जबाबदारीने वागणाऱ्या कुणालाही जमिनीवरून चालायचा आणि नदी-तळ्यांत होडी घालायचा हक्क दिला. घराचे आवार आणि उभे पीक त्यातून वगळले. त्यामुळे तिथल्या जमीनदारांवर आभाळ कोसळले नाही.

उपाय साधा आहे. नदीवरचे रस्त्यांचे पूल सार्वजनिक आहेत. त्यांच्या बाजूला सरकारी जागेत पायऱ्या आणि होडी उतरवण्याचा उतार बांधा. एकाही मालकाची वीतभर जमीन घ्यावी लागणार नाही. नदीची हद्द मोजून दगड रोवा. दगडाच्या आत आलेली भिंत पाडा, मग ती बंगल्याची असो की सरकारी खात्याची. मच्छीमारांची वहिवाट सर्वांआधी नोंदवा. वल्ही मारणाऱ्यांनीही कचरा, दंगा आणि परसातली घुसखोरी केली, तर दंड भरावा. आणि हे सगळे करताना नदीत सोडलेले मैलापाणी आधी बंद करा. गटारात वल्ही मारण्याचा हक्क कुणाला हवा आहे?

तमिळनाडू सरकारने असा कायदा विधानसभेत आणावा. महाराष्ट्रानेही दुसऱ्याकडे बोट दाखवून मोकळे होऊ नये; मुळा-मुठेच्या काठी उभे राहिले की आपली लायकीही दिसते. ज्या पाण्यापर्यंत जायला वाट नाही, ते जनतेच्या मालकीचे आहे असे सांगणे ही शुद्ध फसवणूक आहे. ती थांबवा!