कोणती संहिता मूळ?

व्हिडिओ गेमलाही संहिता असते, हे आपल्याकडील साहित्याभ्यासकांना अद्याप पटवून द्यावे लागते. ज्यांना शंका असेल त्यांनी ‘फायनल फँटसी टॅक्टिक्स’ या जपानी रोल-प्लेइंग खेळावरून पडलेले दोन तट पाहावेत. यासुमी मात्सुनो यांनी दिग्दर्शित केलेला हा खेळ १९९७ साली प्लेस्टेशनवर आला. २००७ साली पीएसपीसाठी त्याची ‘द वॉर ऑफ द लायन्स’ ही आवृत्ती निघाली. तीत नवी पात्रे आली, डार्क नाइट व ओनियन नाइट हे नवे पेशे आले, आणि पहिल्या ओबडधोबड इंग्रजी भाषांतराच्या जागी जुन्या नाटकी वळणाचे घोटीव इंग्रजी आले. सप्टेंबर २०२५ मध्ये स्क्वेअर एनिक्सने ‘दि इव्हालीस क्रॉनिकल्स’ या नावाने खेळ नव्याने सिद्ध केला, आणि २००७ ची पात्रे व पेशे त्यातून वगळले.

एक पक्ष म्हणतो, बरे झाले, प्रक्षेप गेले; बाल्थिअर हा बाराव्या ‘फायनल फँटसी’तला, त्याचे इथे काय काम? दुसरा म्हणतो, आम्हांला हा खेळ भेटला तोच या पात्रांसह. ती उपरी ठरवणारे तुम्ही कोण?

माझा राग पहिल्या पक्षावर अधिक आहे. ज्या ‘मुळा’ची ही मंडळी शपथ घेतात ते शाबूत राहिलेलेच नाही. १९९७ चा सोर्स कोड जपला गेला नव्हता. जुना खेळ तपासून तो पुन्हा बांधावा लागला. नव्या प्रकाशनात दोन पाठ आहेत. ‘एनहान्स्ड’मध्ये ध्वनिमुद्रित संवाद आहेत आणि मात्सुनोंनी त्यांवर स्वतः हात फिरवला आहे. ‘क्लासिक’चा इंग्रजी अवतार तर १९९७ च्या खेळावर २००७ चे भाषांतर चढवून तयार झालेला. म्हणजे पात्रे प्रक्षिप्त, पण त्याच आवृत्तीची भाषा मात्र ग्राह्य! (ते पहिले ओबडधोबड इंग्रजी कुठेच नाही, त्याबद्दल कोणी हळहळतही नाही. असो.) लेखक अठ्ठावीस वर्षांनी परतला म्हणून त्याचा नवा पाठ ‘मूळ’ होत नाही, तो आणखी एक पाठ होतो.

प्रक्षेप ठरवण्याची एक शिस्त असते. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीने गणपती व्यासांचा लेखनिक झाल्याची कथा संहितेतून काढली, पण फेकली नाही; ती परिशिष्टात छापली. वाचकाला संपादकाशी भांडण्याचा अधिकार तिथे शिल्लक राहतो. इथे परिशिष्टच नाही. काम फार वाढले असते, हे व्यावहारिक कारण मला समजते. त्याला शुद्धतेचे सोवळे नेसवणे समजत नाही.

आणि हे घडावे कोणत्या कथेच्या बाबतीत? धर्मपीठाने रामझाला पाखंडी ठरवून त्याचे कर्तृत्व इतिहासातून पुसले. त्याचा खरा वृत्तान्त लिहिणाऱ्या ओरन दुराईला जाळले. कित्येक शतकांनी त्याच्याच वंशातला अराझलम ते दडपलेले कागद उघडून आपल्यासमोर बसतो, आणि त्याच्या निवेदनातून खेळ सुरू होतो. त्या निवेदनाआधी खेळाडूला दोन पाठांतून एक निवडायला सांगतात. तिसऱ्याला तिथे जागा होती.