तान्ह्या पोळ्याचा खाऊ आणि वैद्याचे दार

श्रावण अमावास्येला पोळा फुटतो. शेतकऱ्याच्या दारी सजलेल्या बैलांची पूजा होते, पुरणपोळीचा घास त्यांच्या मुखी जातो, आणि बैल घेऊन येणाऱ्याच्या हाती बोजारा पडतो. दुसऱ्या दिवशी, म्हणजे भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला, हाच सोहळा मुलांचा होतो. लाकडी वा मातीचे नंदी सजवून, कोणी शेतकऱ्याच्या तर कोणी शिवाजीमहाराजांच्या वेशात, मुले घरोघरी आणि दुकानोदुकानी फिरतात. हा तान्हा पोळा ही विदर्भाची खास ठेव आहे. नागपूरच्या दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी 1806 साली मुलांना बैलाचे महत्त्व कळावे म्हणून त्याचा आरंभ केला, असे परंपरेने सांगतात. वर्धा जिल्ह्यातील सिंदी (रेल्वे) येथे तर माणसाहून उंच नंदी पाहावयास मिळतात. आमच्या यवतमाळ जिल्ह्यातही, वणीपासून उमरखेडपर्यंत, त्या दिवशी क्वचितच एखादे दार असे असेल की जेथे नंदी घेतलेली मुले येत नाहीत.

दारी आलेल्या मुलाला रिकाम्या हाताने पाठवू नये, हा आपला शिरस्ता. प्रश्न इतकाच की त्या हातावर काय ठेवावे? प्रश्न किरकोळ वाटेल. परंतु वैद्याच्या आणि आयुर्वेदिक औषधी दुकानाच्या दारी तो किरकोळ राहत नाही. शेजारच्या किराणा दुकानातून मिळालेली गोळी ही केवळ गोळी असते; वैद्याच्या हातून मिळालेली वस्तू ही शिफारस ठरते. ‘डॉक्टरांनीच दिले’ हे वाक्य त्या घरात पुढे वर्षभर प्रमाण म्हणून वापरले जाते. म्हणूनच या विषयावर आमचे मत वैद्यबंधुभगिनींपुढे मांडणे आम्हांस अगत्याचे वाटते.

प्रथम एक गैरसमज दूर करू. मुलांना गोड देऊच नये, असे आपले शास्त्र सांगत नाही. मधुर रस बालकांना आणि वृद्धांना हितकर, धातूंना बल देणारा, असेच वाग्भटाचार्य सांगतात. त्याच मधुर रसाच्या अतियोगाने स्थौल्य, अग्निमांद्य, प्रमेह आणि कफज विकार होतात, हेही ते तेथेच सांगतात. बाल्यावस्था मुळात कफप्रधान. त्यात तान्हा पोळा येतो वर्षा ऋतूत, जेव्हा अग्नी मंद असतो आणि आपल्या बाह्यरुग्ण विभागात ज्वर, कास व अतिसाराच्या बालरुग्णांची रीघ असते. एक मूल त्या दिवशी वीस-तीस दारे फिरते. प्रत्येक दारी एक टॉफी धरली, तरी संध्याकाळी त्याच्या पिशवीत काय साठते याचा हिशेब सुज्ञ वाचकांनीच करावा. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये बाहेरून घातलेल्या साखरेची मर्यादा एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांखाली, शक्य तर पाच टक्क्यांखाली ठेवण्यास सांगितले. ते आपल्याला नवे वाटू नये. मात्रेचा विचार हा आपल्याच शास्त्राचा विचार आहे.

आता आमच्या मुख्य मुद्द्याकडे येतो. अनेक व्यवसायबंधूंना या दिवशी एक मोह होतो, आणि तो सद्हेतूने होतो, हेही आम्ही मान्य करतो. बाजारातील रंगीत गोळीपेक्षा आपल्याकडचे काही द्यावे, या विचाराने च्यवनप्राशाच्या लहान पुड्या, खोकल्याच्या चघळायच्या गोळ्या, गोड पाचक वटी, बालकांच्या अवलेहाचे नमुने मुलांच्या हाती दिले जातात. कंपनीच्या प्रतिनिधीने ठेवलेले नमुने संपतात, दुकानाचे नाव घरोघरी पोहोचते, आणि ‘आयुर्वेदिक आहे, अपाय नाही’ हे समाधानही मिळते. आमचे स्पष्ट मत असे की, हे करू नये. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी मुलाच्या हातावर अन्न ठेवावे, औषध ठेवू नये.

याची कारणे तीन आहेत.

पहिले कारण शास्त्राचे. काश्यपसंहितेच्या सूत्रस्थानात लेहाध्याय आहे. त्यात कोणत्या बालकास लेह द्यावा आणि कोणास देऊ नये, याचा स्वतंत्र विचार केलेला आहे. मंदाग्नी, अजीर्ण, ज्वर, अतिसार असलेल्या बालकास लेह वर्ज्य सांगितला आहे. ज्या आचार्यांनी मधाच्या बोटाएवढ्या चाटणाला सुद्धा पात्र आणि अपात्र ठरवले, त्यांचे अनुयायी म्हणवणाऱ्या आपण दारी आलेल्या पन्नास अनोळखी मुलांना, त्यांचे वय, अग्नी, आजार न पाहता, एकच पुडी वाटावी काय? औषध जर परिणामकारक आहे, तर ते परीक्षेविना देता येत नाही. आणि परीक्षेविना सर्वांना देण्याइतके ते निरर्थक आहे असे आपण मानत असू, तर त्याचे मूल्य घेण्याचा अधिकार आपणांस उरत नाही.

दुसरे कारण सुरक्षेचे. मूल चवीवरून शिकते. औषधाची गोळी म्हणजे खाऊ, हे समीकरण एकदा मनात बसले की घरातील फडताळावरची आजीची रक्तदाबाची गोळीही त्याला खाऊच वाटते. आपल्या जिल्ह्याला याबाबत अधिक सांगणे न लगे. 31 जानेवारी 2021 रोजी घाटंजी तालुक्यात पोलिओ डोसाच्या वेळी पाच वर्षांखालील बारा बालकांच्या मुखात थेंबांऐवजी हात निर्जंतुक करण्याचा द्रव गेला. सुदैवाने बालके वाचली. पुढे 2025 साली मध्य प्रदेशातील छिंदवाडा परिसरात खोकल्याच्या गोड औषधातील डायएथिलिन ग्लायकॉल या विषारी द्रव्याने वीसहून अधिक बालके दगावली. त्यांपैकी अनेकांना उपचारासाठी नागपुरास आणले गेले होते. ही दोन्ही प्रकरणे आयुर्वेदाची नाहीत, म्हणून आपण निश्चिंत व्हावे असे मुळीच नाही. बालकाच्या मुखात जाणारी वस्तू देणाऱ्याने स्वतः ओळखलेली असावी, आणि गोड चव ही निर्दोषतेची खूण नव्हे, हा त्यांचा धडा सर्वच पद्धतींना सारखा लागू आहे.

तिसरे कारण कायद्याचे व प्रतिष्ठेचे. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा 1940 आणि त्याखालील नियमांनुसार आयुर्वेदिक औषध हे औषधच आहे. अनुसूची ई (1) मधील द्रव्ये असलेल्या कल्पांवर तर वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे, असा इशारा छापणे बंधनकारक आहे. दुसरीकडे, 2022 च्या आयुर्वेद आहार विनियमांनी आहार आणि औषध यांची सीमा स्वतंत्रपणे आखली असून चोवीस महिन्यांपर्यंतच्या शिशूंसाठी असा आहार बनविण्यास व विकण्यास मनाई केली आहे. आपली औषधे गांभीर्याने घेतली जावीत, अशी मागणी आपण शासनाकडे आणि समाजाकडे वारंवार करतो. तीच औषधे आपण स्वतः चॉकलेटसारखी उधळली, तर ती मागणी कोणी मनावर घ्यावी?

औषध नको म्हटल्यावर बाजाराकडे वळावे, तर तेथेही निवड डोळसपणे करावी लागते. गोड सुपारीची पुडी तर मुलाच्या हाती कदापि देऊ नये. खर्ऱ्याच्या व्यसनाने पोखरलेल्या विदर्भात हे निराळे सांगावे लागते, याचा खेद वाटतो. कर्करोगावरील आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने 2004 मध्ये तंबाखूविरहित सुपारीलाही मानवात कर्करोग निर्माण करणाऱ्या द्रव्यांच्या पहिल्या वर्गात घातले आहे. आज गोड सुपारी चघळणारे मूल उद्या खर्ऱ्याच्या टपरीवर उभे राहिले, तर त्या वाटेची पहिली पायरी आपल्या दाराची नसावी. भडक रंगांच्या मिठायांबाबतही सावध असावे. ‘बुढ्ढी के बाल’ या नावाने जत्रेत विकल्या जाणाऱ्या साखरेच्या कापसात ऱ्होडामिन-बी हा कापड रंगविण्याचा रंग आढळल्याने पुदुच्चेरी व तमिळनाडू या दोन सरकारांनी फेब्रुवारी 2024 मध्ये त्याच्या विक्रीवर बंदी घातली. खव्याचे पेढे पावसाळी हवेत लवकर बिघडतात. भुईमुगाचे दाणे ओलसर जागी साठविले असतील तर त्यांवर विषारी बुरशी धरते. म्हणून चिक्की घ्यावयाची तर विश्वासाच्या ठिकाणची, ताजी आणि कुरकुरीतच घ्यावी.

मग द्यावे काय? आमची सूचना अगदी साधी आहे, आणि ती आपल्या मातीतलीच आहे. ज्वारीच्या किंवा साळीच्या लाह्या, थोडे फुटाणे आणि गुळाचा लहान खडा, यांची मूठभर पुडी स्वच्छ कागदात बांधून द्यावी. लाह्यांचे लघुत्व आणि पथ्यकरत्व वैद्यांना सांगावयास नको. लाडू द्यावयाचा तर राजगिऱ्याचा लहान लाडू उत्तम. पुसद-उमरखेडकडील बंधूंना केळे सहज मिळते; ते सालीसकट मुलाच्या हाती जाते, त्यामुळे स्वच्छतेचा प्रश्नच उरत नाही.

यावर आमचे काही विद्वान मित्र आक्षेप घेतील. चणा वातल आहे आणि वर्षा ऋतू वातप्रकोपाचा, मग फुटाणे कसे? नवा गूळ कफकर आणि अग्नी मंद करणारा, मग त्याचा पुरस्कार कसा? दोन्ही आक्षेप शास्त्रशुद्ध आहेत. म्हणूनच आम्ही मूठभर म्हणतो, वाटीभर नव्हे. लाह्या अधिक, फुटाणे कमी, गूळ जुना आणि सुपारीएवढा. साखरेऐवजी गूळ दिला म्हणजे हवा तितका द्यावा, हा समज आपल्याच वर्तुळात फार पसरला आहे. गूळ हे अन्न आहे, त्यालाही मात्रा आहे. खाऊन झाल्यावर चूळ भरण्यास सांगितले, तर दातांचेही रक्षण होईल आणि दारात एक चांगली सवय फुकट वाटली जाईल.

वयाचा विचार मात्र सोडू नये. चार वर्षांखालील बालकांच्या श्वासनलिकेत दाणे, फुटाणे, लाह्या आणि टणक गोळ्या अडकण्याचा धोका असतो. कडेवरच्या बाळाच्या हाती पुडी न देता आईच्या हाती केळे द्यावे. तसेच नंदी सजविण्यासाठी आपल्या भांडारातील गुंजा कोणी मागितल्या तर त्या देऊ नयेत. लाल-काळ्या गुंजेचे रूप मुलांना भुलविते, आणि ती विषद्रव्यांत गणलेली आहे.

खाऊच द्यावा असाही नियम नाही. अमेरिकेत 31 ऑक्टोबरच्या हॅलोवीनला मुले अशीच वेश घेऊन दारोदार फिरतात आणि घरोघरी त्यांना गोळ्या-चॉकलेटे मिळतात. तेथील मराठी कुटुंबांनाही दरवर्षी काय वाटावे हा प्रश्न पडतोच. ज्या मुलांना दाणे, दूध यांची ॲलर्जी असते ती या आनंदातून वगळली जातात, हे ध्यानी घेऊन तेथे 2014 पासून देशभर एक प्रथा रुजविण्यात आली. दाराशी निळसर-हिरव्या रंगाचा भोपळा ठेवला, की या घरी खाण्याखेरीज दुसरी भेटही मिळते असे मुलांनी समजावे. आपल्याकडेही इन्सुलिन घेणारी मुले आहेत, पथ्यावरची मुले आहेत. त्यांच्यासाठी दहा पेन्सिली वा खोडरबर बाजूस ठेवणे अवघड नाही. आणि पेन्सिल ज्याला हवी त्याला मिळावी, आजार विचारून नव्हे.

शेवटी एका गोष्टीकडे लक्ष वेधतो. तान्ह्या पोळ्यात व्यापाऱ्याच्या मुलाचा नंदी चाकांचा आणि झुलीचा असतो, मजुराच्या मुलाचा मातीचा आणि कधी एका शिंगाचाही असतो. मोठ्या नंदीला मोठा बोजारा, ही रीत बाजाराची झाली. वैद्याच्या दारी सर्व मुले सारखी असावीत. पुडी एकच, मूठ एकच. ज्या कोरडवाहू जिल्ह्यात बैल विकावा लागलेली घरे कमी नाहीत, तेथे मातीचा बैल घेऊन आलेल्या मुलाचा मान राखणे, हाही चिकित्सकाच्या धर्माचाच भाग होय.

वैद्यमित्रांस आणि औषधी दुकानदारांस आमची विनंती इतकीच: यंदाच्या पोळ्याआधी नमुन्यांची खोकी कपाटात बंद करावीत, दोन पायल्या लाह्या आणि थोडे फुटाणे आणून ठेवावेत, आणि जे मूल आजारी दिसेल त्याच्या आईला दुसऱ्या दिवशी दवाखान्यात यावयास सांगावे. औषधाची जागा तेथे आहे. दारातल्या मुलाला त्या दिवशी खाऊच मिळावा.